सोमवारले पेपर देस

मुलाखतीत मला विचारलं, "विम्याची बरी चाललेली नोकरी सोडून विद्यापीठात का यायचंय?" मी म्हणालो, "मेलेल्या म्हशी बघून बघून वैताग आलाय, सर." समोर बसलेल्यांपैकी एकही हसला नाही. एकाने तर खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, याचा मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होतो.

पण बोललो ते खरंच होतं. मी जनावरांच्या विम्याचा तपासनीस होतो. नवापूरपासून अक्कलकुव्यापर्यंत कुठेही गाय-म्हैस मेली आणि मालकाने दावा केला, की मोटरसायकलला किक मारून मी हजर. कानातला बिल्ला बघायचा, जबडा उघडून दातांवरून वय काढायचं, शिंगं, शेपटीचा गोंडा, कपाळावरचा चांद. मेलेली म्हैस एकाची आणि कानातला बिल्ला दुसरीचा, असले प्रकार मी इतके पाहिलेत की विचारू नका. एक गोष्ट मात्र त्या धंद्याने माझ्या डोक्यात पक्की बसवली. गबाळं काम बहुधा खरं असतं. बिल्ला स्वच्छ, भोक सुबक, मालकाची उत्तरं चटाचट, साक्षीदार आधीच येऊन बसलेला, असं दिसलं की समजायचं, इथे पाणी मुरतंय.

ही सवय घरीदारी सगळीकडे लागली. एकदा बायकोच्या मामेबहिणीच्या लग्नाला गेलो, तर मांडवामागे बांधलेल्या बैलांचे कान बघत उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, लग्नाला आलात की पंचनाम्याला?" मी मूळचा साताऱ्याकडचा, बायको इथलीच, शहाद्याजवळची. तिचं म्हणणं, या नोकरीने तुमची नजर नासली. पुढे कंपनीने परराज्यात बदलीचा हुकूम काढला, तेव्हा तिने पेपरातली विद्यापीठाची जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. अशा रीतीने मी चाळिशीत, परीक्षा विभागात, सहायक कक्ष अधिकारी म्हणून विद्यापीठाच्या जिल्हा कार्यालयात चिकटलो. तेही परिविक्षेवर. म्हणजे काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर राम राम.

आता गंमत बघा. मी सगळ्यांवर संशय घेणारा माणूस, पण त्या कार्यालयात पाऊल टाकल्यापासून सगळे माझ्यावर संशय घेत होते. नंदुरबारात कोणी नवीन माणूस मोठ्या खुर्चीवर आला की पहिला प्रश्न, "हा कोणाचा?" म्हणजे कोणत्या पुढाऱ्याचा, कोणाच्या फोनवर आलेला. माझ्यामागे कोणीच नव्हतं. ते लोकांना पटेना. कोणीच नाही म्हणतो म्हणजे फार मोठा कोणीतरी असणार, असा त्यांनी हिशेब लावला. मी चहाच्या टेबलाशी गेलो की चाललेली अहिराणी टपकन थांबायची आणि सगळे शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलायला लागायचे. "या साहेब, बसा साहेब, ऊन फार वाढलं आहे." आत्तापर्यंत हे उन्हाबद्दल बोलत होते होय? मला काय कळत नाही?

अहिराणी मला समजते, असा माझा समज होता. मालकांशी बोलून बोलून कान तयार झालेत, वर बायको घरात आईशी फोनवर तेच बोलते. त्यामुळे मी मुद्दाम सांगायचो नाही. न समजल्यासारखं तोंड करून ऐकत बसायचो.

काम शिकलो. टिपणी कशी लिहायची, कुठे 'अवलोकनार्थ' आणि कुठे 'आदेशार्थ', वरून 'चर्चा करावी' असा शेरा आला म्हणजे प्रकरण थंड बस्त्यात गेलं, हे सगळं. मला ते काम आवडायलाही लागलं होतं. इथे काही मेलेलं नसायचं, ही केवढी मोठी गोष्ट.

माझ्या हाताखाली एक ताई होत्या. कनिष्ठ लिपिक. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, नाकावर घसरणारा चष्मा, बोलणं कमी. त्यांचे यजमान याच कार्यालयात ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपेवर ताई शिपाई म्हणून लागल्या आणि पुढे लिपिक झाल्या. घरात सासूबाई आणि शिकणारी मुलगी, कमावणाऱ्या ह्या एकट्या. ही नोकरी गेली तर चूल बंद, हे त्या कार्यालयातल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली ताईंकडे असायची. बाकीच्या परीक्षांचे पेपर आता कॉम्प्युटरवरून परस्पर केंद्रांना जातात, पण बहिःस्थ विद्यार्थ्यांचे, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षेला बसणाऱ्यांचे पेपर अजून छापील पाकिटांत येतात. नियमाने कपाटाला दोन कुलपं पाहिजेत, दोन वेगळ्या माणसांकडे. दुसरं कुलूप मोडलं होतं आणि दुरुस्तीचा प्रस्ताव 'चर्चा करावी'मध्ये पडून होता. आमचे वरचे साहेब, उपकुलसचिव, मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "हे बघा, एक पाकीट जरी फुटलं ना, तर ताई जाईल, तुम्ही जाल आणि मीही जाईन. त्याच क्रमाने."

उन्हाळी परीक्षांच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी पाण्याच्या कूलरशी पेला भरत होतो. पलीकडे जिन्याच्या वळणावर ताई मोबाइलवर बोलत होत्या, हळू आवाजात, हाताने तोंड झाकून. मी कान टवकारले.

"हां भाऊ, सोमवारले पेपर देस. लोणखेडाले उतारी दिजो. कोणले सांगू नको. आमना साहेबले ते मुळीच नको."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. सोमवारी पेपर देते. लोणखेड्याला उतरवून घे. कोणाला सांगू नको, आमच्या साहेबाला तर मुळीच नको. साहेब म्हणजे कोण? मीच की! सोमवारी पहिला पेपर होता आणि लोणखेड्याचं केंद्र आमच्याच यादीतलं. अरे बापरे, मी मनात म्हणालो, ही बाई पेपर देतेय बाहेर. आणि भाऊ कोण हा? इथे तर रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच भाऊ.

त्याच दुपारी पाकिटं आली. माझ्यासमोर ताईंनी ती मोजून कपाटात लावली, कुलूप घातलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली. सगळं कसं रीतसर, व्यवस्थित. व्यवस्थित दिसलं की माझं डोकं फिरतंच. संध्याकाळपर्यंत मी कपाटासमोरून हललो नाही आणि सगळे गेल्यावर सील करायची लाख घेतली, काडीवर वितळवली आणि कपाटाच्या दोन दारांच्या फटीवर, अगदी तळाशी, जमिनीलगत, एक थेंब सोडला. त्यावर अंगठा दाबला. तिथे खाली वाकून कोण बघतंय? जनावरांच्या नाकाचे ठसे घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, ठसा कसा उठवायचा ते मला शिकवायला नको. दार उघडलं तर लाख तडकणार आणि तसा ठसा जगात दुसरा कोणी देऊ शकणार नाही. मग मोबाइलमध्ये फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा फोटो, संध्याकाळी पुन्हा. रोज.

ठसा शाबूत. रोज शाबूत. कोणाही भल्या माणसाला बरं वाटलं असतं. मला मात्र वाटायला लागलं, ही बाई दिसते त्याहून पक्की आहे. शेवटच्या क्षणी डाव साधणार. शनिवारी आम्ही दोघांनी मिळून कपाट उघडलं आणि सोमवारची पाकिटं केंद्रांच्या ताब्यात दिली. उघडण्याआधी मी पेन पडल्याचं निमित्त करून वाकलो आणि पाहिलं. ठसा जसाच्या तसा. त्याच दुपारी ताईंचा रजेचा अर्ज आला. सोमवार, घरगुती कारण. हं, म्हटलं, घरगुती काय!

रविवारी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ते वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती हातातली भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली. "अहो, देस म्हणजे—" ती सुरू झाली, तसं मी तिला अडवलं. "देस म्हणजे देते. मला शिकवू नकोस. ऑफिसातलं तुला काय कळतंय?" ती म्हणाली, "बरं बाई, नाही कळत." आणि भाकरी अशी काही थापायला लागली की परातीचा आवाज शेजारी गेला असेल.

सोमवारी मी खटपट करून भरारी पथकात नाव घालून घेतलं. हे पथक अचानक केंद्रावर जाऊन कॉपी वगैरे पकडतं. माझ्याबरोबर दुसऱ्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिका होत्या, कडक शिस्तीच्या. गाडीत त्या म्हणाल्या, "आज लोणखेडाच का?" मी म्हणालो, "कळेल तुम्हाला." मनात मी फार खूश होतो, खोटं कशाला बोलू. परिविक्षेतल्या माणसाने पहिल्याच वर्षी पेपरफुटी पकडली, म्हणजे कायम होण्याची काळजीच मिटली.

केंद्रावर पोहोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. मी आवार बघितलं, झेरॉक्सचं दुकान बघितलं, पानटपरीवर कोण उभं आहे ते बघितलं. कुठे काही नाही. मग वर्गांमधून फिरायला लागलो. शेवटच्या वर्गात पंखा खडखडत होता, पोरं-पोरी माना खाली घालून लिहीत होती आणि खिडकीजवळच्या मागच्या बाकावर, नाकावर घसरलेला चष्मा वर सारत, आमच्या ताई लिहीत होत्या.

पेपर देस. देतेय. परीक्षा देतेय! हात्तिच्या! आणि लोणखेडाले उतारी दिजो म्हणजे मला लोणखेड्याला गाडीवरून उतरव, एवढंच. भाऊ म्हणजे सख्खा भाऊ. तो बाहेर निंबाखाली मोटरसायकलवर बसलेला मी येताना पाहिला होता आणि त्याच्यावरही संशय घेतला होता.

ताईंनी मान वर केली. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्या उभ्या राहिल्या, उत्तरपत्रिका मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "घ्या साहेब," म्हणाल्या. सगळा वर्ग बघायला लागला. पर्यवेक्षक धावत आला, त्याला वाटलं कॉपी सापडली. मी म्हणालो, "बसा ताई. लिहा. वेळ जातोय."

पण प्राध्यापिका बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "या तुमच्या परीक्षा विभागातल्या ना? किल्ली यांच्याकडेच असते ना?" त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "पेपर जिच्या कपाटात, तीच तो पेपर सोडवायला बसलीय. हे मला अहवालात लिहावंच लागेल." स्वतः किंवा घरातलं कोणी परीक्षेला बसत असेल, तर विभागाला आधी कळवायचं आणि गोपनीय कामातून बाजूला व्हायचं, असा नियमच आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मी त्यांच्याहून जास्त लिहिलं असतं. ताईंना त्यांनी पेपर पूर्ण करू दिला, पण अहवाल गेलाच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते. पण तुमचं म्हणजे आधी लगीन संशयाचं." माझी बोलती बंद होते अशी फार थोडी माणसं आहेत, त्यात ती पहिली.

दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे. साहेब लालबुंद. "बाई, तुम्हाला नियम माहीत नव्हता?" ताई म्हणाल्या, "माहीत होता, साहेब." "मग?" ताई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "दोनदा बसले, दोनदा नापास झाले. तेव्हा कळवलं होतं रीतसर. सगळं ऑफिस चहाला बसलं की विचारायचं, ताई, निकाल काय, पेढे कधी. हसायचे. वरिष्ठ सहायक व्हायला पदवी लागते, म्हणून बसते मी. नाहीतर या वयात कोणाला हौस आहे? या वेळी म्हटलं, पास झाले तरच सांगेन."

"आता सांगायलाच नको," साहेब म्हणाले. "पाकिटं तुमच्या ताब्यात, किल्ली तुमच्या पदराला, आणि परीक्षेला तुम्हीच. लोक काय म्हणतील? पेपर आधी बघितला नाही, यावर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का? निलंबन तर होणारच. पोलिसांत द्यावं लागेल. पुढे नोकरी राहील याची खात्री मी देणार नाही."

ताई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

मोबाइल माझ्या खिशात होता. गप्प बसलो असतो तर माझं काहीच बिघडत नव्हतं, कोणाला काही कळलं नसतं. आणि तोंड उघडलं तर या बाईसमोर उभं राहून सांगावं लागणार होतं की मी तिच्याबद्दल काय समजत होतो. तरी म्हणालो, "साहेब, ताईंनी कपाट उघडलेलं नाही."

"कशावरून?"

"कारण त्या उघडणार, अशी माझी खात्री होती."

मग मी सगळं ओकून टाकलं. फोनवरचं ऐकलेलं, लाखेचा थेंब, अंगठा. फोटो एकेक करून दाखवले, पाकिटं आली त्या संध्याकाळपासून शनिवारी सकाळपर्यंतचे, तारीख-वेळेसह. पुढच्या पेपरांच्या पाकिटांसाठी शनिवारी पुन्हा लावलेला ठसा अजून तिथेच होता. साहेब स्वतः उठून कपाटापाशी गेले, "आई गं" करत गुडघ्यावर बसले आणि दाराच्या तळाशी डोकं नेऊन बघून आले. "तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी मला विचारलं. "कोणी नाही," मी म्हणालो. त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांचा विश्वास बसलेला नाही. हा कोणाचा माणूस, हे त्यांना त्या क्षणी नक्की कळलं असावं.

पण काम झालं. निलंबन टळलं, पोलीस टळले. न कळवल्याबद्दल ताईंना लेखी ताकीद मिळाली आणि पात्रता विभागात बदली झाली. लिहिलेला पेपर ग्राह्य धरायचा, असं ठरलं. मी केबिनमधून बाहेर आलो तो काहीसा छाती काढूनच. म्हटलं, वाचवलं बुवा एका घराला.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. पदराची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. किल्ली त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला चोर समजलात म्हणून मी वाचले. भरवसा ठेवला असतात, तर आज घरी बसले असते. आता मी तुमचे पाय धरू का तुमच्या तोंडाकडे बघू नको, ते तुम्हीच सांगा."

"तसं नाही ताई," मी पुटपुटलो. त्या वळल्या, चार पावलं गेल्या आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "किल्ली तपासून घ्या. तीच आहे ना बघा."

आणि मी उठलो. देवाशपथ सांगतो, उठलो, कपाटापाशी गेलो आणि ती किल्ली कुलपात घालून फिरवून पाहिली. कुलूप उघडलं. ताई तोवर दारातच उभ्या होत्या.